एक वाफा निंदल्याबिगर चिलीम नाही

सुलतानपूर,
शनवार, ऊन अजून बांधावर आहे

तीर्थस्वरूप भगवंतमामाले, वांग्याच्या वाफ्यात बसल्या बसल्या भाचा तुळशीराम याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (हात मातीचे आहेत. कागदावर डाग दिसन तो नमस्काराचाच समजा.) अन्नपूर्णामामीचा गुडघा कसा आहे? रोहिणखेडले थंडी पडली का? तुमचा तो एका शिंगाचा बैल अजून मायावर खार खाऊन आहे का? मागच्या साली म्या त्याच्या शिंगात मामीची हिरवी बांगडी घातली होती. निघाली असन त त्याले म्हना, मनात ठेवू नको. इकडं माय बरी आहे, बा बरा आहे, अन् मी कसा आहे ते सांगायलेच हे पत्र लिहून राह्यलो.

येत्या गुरुवारी मायं साक्षगंध आहे. पोरगी लोनारच्या उकंडरावची कोकिळा. उकंडरावनं चार मानसांत सांगतलं, "पोरगं कामाचं आहे म्हून देऊन राह्यलो, नाहीतर थोबाड पाहून कोनी देत नाही." म्हून गुरुवारपर्यंत मले शुद्धीवर राहनं आहे, मामा. एवढीच गोष्ट आहे, पन लय मोठी आहे.

गांजाचं तुमच्यापासून काय लपवावं? सकाळी एक चिलीम, जेवल्यावर एक, अन् मधात आठवन आली की एक. आठवन त जातच नव्हती. धुराच्या मांगं बसलं की सारं जग कसं हळू चालते! मेहकरची लाल एष्टी रस्त्यानं जाताना मले लाल गाय वाटे, अन् तिच्या मांगची धूळ म्हंजे तिचं वासरू. पाखरू बाभळीवरून उडे त त्याले खाली यायले अख्खी दुपार लागे. वाईट नव्हतं हो, खोटं कायले बोलू? पन खोकला असा धरला, की रातच्याले माय उठून बसे. अन् एक दिवस त हद्दच झाली.

बाजाराच्या दिवशी वांगे इकून मी मेहकरच्या एष्टी स्टँडवर बाकड्यावर बसलो. लोक येऊन राह्यले, नंबर लागून राह्यले, कोनी कन्हून राह्यलं (मले वाटलं, गर्दी लय आहे म्हून), आतून घंटी वाजून राह्यली. लय गोड वाटत होतं. भिंतीवर एक मानूस टांगेल होता, नुसते हाडं. मी म्हटलं, कंडक्टर लय वाळला गड्या. मंग मायावाला नंबर आला, मी आत गेलो अन् म्हटलं, "सुलतानपूर, एक."

तो हिंमतराव डाक्टरचा दवाखाना होता, मामा. बाजूच्याच गल्लीत आहे. मले गोवर झाला तवा त्याच डाक्टरनं पाह्यला, माय बाळंत झाली तवा तोच, बाच्या पायात काटा मोडला तवाही तोच. त्यानं माये डोळे पाह्यले, वास घेतला, अन् हसला नाही बरं का. म्हने, "फुल का हाफ?"

मी म्हटलं, "फुल." अन् तिथंच मले खोकला लागला, अन् खोकता खोकता दवाखाना दिसला.

मले वाटलं, आता हा मारते, नाही त बाले सांगते. त्यानं काहीच नाही केलं. स्टूल दिला. "किती ओढतो बे?" "तीन." "खरं सांग." "सहा." "तुळशीराम, मी तुयी नाळ कापेल आहे." "बारा." मंग त्यानं बारा असं कागदावर लिहिलं, जसा काही तो ताप होता. म्हने, "सोड म्हनत नाही. एकदम सोडशीन, त चार दिवसांत दुपटीनं धरशीन. फक्त एवढं कर. तलब आली की आधी एक वाफा निंद. पूरा. मंग वाटलं त ओढ, मायी ना नाही. अन् दर बाजारी येऊन मले खरा आकडा सांग. तुया बाले मी काही सांगत नाही." मी इचारलं, यानं काय होईन? त म्हने, "तलब म्हंजे एष्टी आहे. तू हात नाही दाखवला त थांबत नाही, निघून जाते."

मले वाटलं, म्हातारा सोपा सापडला. दुसऱ्याच दिवशी खुरपं घेतलं. आता निंदन म्हंजे बायांचं काम. रस्त्यानं जानारे पोट्टे म्हनत, "काय तुळशाबाई, नवं लुगडं कवा घेता?" मी म्हटलं, तुया मायले इचार. पन बारा तलबा म्हंजे बारा वाफे, मामा! तिसऱ्या दिवसापासून आमच्या वावरात दहा वाफ्यांच्या वर औषधाले गवत सापडे ना. धुंदीत म्या अर्धा वाफा सांबार उपटला (कोथिंबिरीनं वास दिला तवा समजलं). मंग काय करता? उरलेल्या दोनासाठी रातच्याले बांध ओलांडला अन् बाजूच्या जनकाबाईचं वावर निंदू लागलो. ती बिचारी एकटी. सकाळी येऊन पाहे त रोज दोन वाफे साफ. चार दिवसांनी तिनं बांधावर नारळ फोडला, अन् शेंदूर लावून एक गोटा बसवला. खोबरं म्याच खाल्लं. देवाले नाही म्हनता येते का?

अन् बा! बाच्या अंगावर त मूठभर मांस चढलं. साऱ्या गावात सांगत फिरे, "मायं पोरगं, पुंजाजीचं पोरगं, दिवसाले बारा वाफे!" ते बोलनं लोनारपर्यंत गेलं, अन् तिथून उकंडराव आला. म्हंजे पाहा, ही सोयरीक गांजानं जमवली.

पन निंदता निंदता एक मजा झाली. वाफ्याच्या या टोकाले बसलं की तलब अंगावर येऊन राह्यते, कानात घरघर. अर्ध्यावर येता येता मातीचा गारवा बोटांत चढते. एखादी अळी पान सोडून दुसऱ्या पानावर जाऊन राह्यते, तिले कुठं जायची घाई नाही. पाटातलं पानी ऊन घेऊन खाली चाललं असते. अन् त्या टोकाले पोचलो की मीच इचारतो, तुळशीराम, तू इथं काऊन आला होता बे? आठवतच नाही. एष्टी गेलेली असते. धूरबी नाही, तरी पाखरू तसंच हळू उतरते. बाराचे आठ झाले, आठाचे पाच, पाचाचे दोन.

अन् इथं बिघडलं. बा म्हने, पोरगं आळशी झालं! बारा वाफ्यांवरून दोनावर आलं, कोनाची तरी नजर लागली. परवा मले धरून मेहकरले डाक्टरकडंच नेलं.

"डाक्टरसाहेब, याले टानिक द्या. दोन वाफ्यांवर आलं. गुरुवारी पाहुने येऊन राह्यले."

डाक्टरनं मायाकडं पाह्यलं. "खरंच दोन?"

मी म्हटलं, "काल एकच."

"एक!" डाक्टर खुर्चीवरून उठला अन् मायी पाठ थोपटली. "पुंजाजी, पोरगं फस्क्लास आहे. असंच राह्यलं त पुढच्या बाजारापर्यंत एकही निंदनार नाही."

बाचं तोंड पाहाले पाह्यजे होतं, मामा. गाव आल्यावर एवढंच म्हनला, "डाक्टर थकला."

मले त्याची कीव आली. आज सकाळी त्याले वावरातच सारं सांगतलं. तो बांधावर बसला. मंग म्हने, "म्हंजे जनकाबाईचा देव तूच?" "हाव." "अन् बारा वाफे म्हंजे..." "बारा चिलमा." तो उठला, शेल्यानं तोंड पुसलं, अन् म्हने, "सांबार तरी उपटायचा नव्हता बे." मंग मायासंगं खुरपं घेऊन बसला, अन् दोघांनी मिळून एक वाफा काढला. मले तलब आली नव्हती, तरी.

मामीले नमस्कार, लेकरांले पापा, बैलाले राम राम.

तुमचा भाचा,
तुळशीराम पुंजाजी

ता. क. गुरुवारी सकाळच्या एष्टीनं या. माय म्हनते, मायावाला भाऊ आल्याबिगर मी पाट मांडत नाही.

ता. क. दुसरं. येताना बंडीच्या आतल्या खिशातली चिलीम घरी ठेवून या. पहिली चिलीम तुमीच मले लोनारच्या जत्रेत देल्ली होती. त्याचा मले राग नाही, तवा लय चांगलं वाटलं होतं. पन मामा नाही आला त पाट मांडल्या जात नाही, अन् चिलीम आली त नवरदेव पाटावर टिकत नाही.

ता. क. तिसरं. वर म्या लय बढाई मारली. खरं हे आहे का आज एकही चिलीम नाही, अन् हा पहिलाच दिवस आहे. बाले मी नाही म्हनू शकतो, पोट्ट्यांले म्हनू शकतो. तुमी नुसतं "घे बे भाच्या" म्हटलं, त मले नाही म्हनता येनार नाही. म्हून मामा, तुमी म्हनू नका.