रखवालदाराच्या बायकोवरचं माझं व्याख्यान

२ मार्च
लायब्ररीत दोन नवी टेबलं मांडलीत. एकावर बायकांच्या मेंदूच्या आरोग्याची पुस्तकं, दुसऱ्यावर इतिहासाने विसरलेल्या बायकांची. दोन्ही विषयांतला जाणकार आपल्या गावात नाही. मी सोडून. लायब्रेरियन तलेईला तसं सांगितलं. ती म्हणाली, "लिंडसे, टेबलं वाचायला मांडलीत, भाषणं ठोकायला नाही." मी भाषणाचा भ काढला नव्हता. पण तिनेच सुचवल्यावर नाही कसं म्हणायचं? महिनाअखेरीस व्याख्यान. ठरलं.

३ मार्च
मेंदूचं पुस्तक आणलं, बायकोसाठी. पासष्टीनंतर जपावं लागतं. पहिली काही पानं वाचली, गाभा कळला. अक्रोड, मासे, चालणं, नवी भाषा, माणसांत मिसळणं. वाइन बंद. एव्हिस रोज सकाळी तिच्या बहिणीबरोबर समुद्रावर चालते, चर्चमध्ये गाते, इटालियन शिकते. पण शिस्त नाही. आवडतं म्हणून करते.

६ मार्च
पुस्तकातली स्मरणशक्तीची चाचणी घेतली. एव्हिसने सगळे शब्द सांगितले, वर उलट क्रमानेही. मग तिने माझी घेतली. मला 'हातोडा' आठवला. हातोडा यादीत नव्हता म्हणे. पुस्तक बायकांच्या मेंदूचं आहे, हे मुखपृष्ठावरच लिहिलंय. त्यात काय नवल?

९ मार्च
एव्हिसचे अक्रोड मीच संपवले. चव पाहणं भाग होतं. सार्डिन मासे मांजराने खाल्ले. वाइन एव्हिसने एका शब्दात सोडली. उरलेली बाटली फेकून देणं पाप, म्हणून मी हळूहळू सोडतोय.

१४ मार्च
विषय सापडला! शंभर वर्षांपूर्वी आपल्या दीपगृहाचा रखवालदार एडविन बेस्विक आजारी पडला. वादळाची रात्र. त्याच्या बायकोने एकटीने दिवा तेवत ठेवला. जुन्या वर्तमानपत्रात चार ओळी आहेत. गावात कुणाला पत्ता नाही.
एव्हिस म्हणाली, "अरे, बेकरीसमोरच्या बेस्विकबाई तिची नात आहेत. जा, विचार."
मी म्हणालो, "इतिहासकाराने नातेवाइकांपासून लांब राहावं. शिवाय बाई ऐंशीच्या पुढच्या, त्यांना काय आठवणार?"
एव्हिस म्हणाली, "हातोडा तरी आठवेल."
दुर्लक्ष केलं.

२२ मार्च
भाषण तयार. बायको कळायची तर आधी नवरा कळायला हवा. म्हणून पहिला अर्धा भाग एडविनवर. मग भिंगं, तेल, वाती. बायको एकदम शेवटी, म्हणजे परिणाम साधतो. एव्हिसला वाचून दाखवलं. ती गाढ झोपली. झोप मेंदूला उत्तम.

२८ मार्च
व्याख्यान झालं. लोक तुडुंब. (पावसाने हिरवळीवरचा बोलिंगचा सामना रद्द झाला होता, त्याचा काही संबंध नाही.) एडविन छान रंगला. भिंगांपर्यंत आलो आणि तलेईने हात वर केला.
"लिंडसे, तिचं नाव काय?"
"कुणाचं?"
"जिच्यावर बोलतोयस तिचं."
कागद चाळले. सगळीकडे 'रखवालदाराची बायको', 'सदर पत्नी', एके ठिकाणी 'ती'. पाणी प्यायलो. पुन्हा प्यायलो.
मागच्या रांगेतून बेस्विकबाई उठल्या. काठी टेकत, पण आवाज असा की माइकची गरज नाही. "हेस्टर. माझी आजी. आणि एका रात्रीचं काय घेऊन बसलास? ती मरेपर्यंत तोच दिवा सांभाळत होती. आजोबा आजारी नव्हते, प्यायलेले असायचे. पगार आणि शाबासकी मात्र त्यांची."
मग बाई बोलतच राहिल्या. आजीने जिन्यावर बाळाला कसं बांधून ठेवलं, वाऱ्यात बोटं कशी बधिर व्हायची, सगळं. लोक हसले, मग खुर्च्या पुढे ओढून ऐकू लागले, एव्हिसने डोळे पुसले. भिंगं राहून गेली.
चहाच्या वेळी मेव्हणी ग्लेनिस म्हणाली, "हेस्टरने दिवे लावले, आणि आज तूही काय दिवे लावलेस!"
एकंदरीत, चर्चेला मी उत्तम सुरुवात करून दिली.

३० मार्च
एव्हिस, ग्लेनिस आणि बेस्विकबाई स्मशानभूमीत निघाल्या. बादली आणि ब्रश उचलायला जाणकार माणूस हवा होता, म्हणून मीही. हेस्टरच्या थडग्याच्या दगडावरचं शेवाळ घासून काढलं. खाली अक्षरं आली : 'एडविन बेस्विक, दीपगृहाचा निष्ठावान रखवालदार, आणि पत्नी.'
एवढंच. आणि पत्नी.
बेस्विकबाई म्हणाल्या, "दगड बदलायला कुणी पुढे आलं नाही."
एव्हिस म्हणाली, "आता आम्ही आलोय ना." मी स्वच्छ झालेला दगड पुन्हा घासला. वारा फार होता, धूळ बसते.
परतताना एव्हिसने विचारलं, "आपल्या दगडावर काय कोरायचं रे?"
मी सहज म्हणालो, "लिंडसे ट्रेथेवी, आणि—"
ती थांबली. ग्लेनिस थांबली. बेस्विकबाईंनी काठी टेकली.
मी पटकन सावरलो. म्हणालो, "नावं वर्णानुक्रमाने लावू या. तटस्थ पद्धत. कुणावर अन्याय नको."
तिघींनी ताबडतोब मान्य केलं. जरा जास्तच ताबडतोब.
एव्हिस. लिंडसे.
गाडी सुरू केल्यावर लक्षात आलं.