पानासकट सुकेळी

आई, आपले बाबा घरीच राहणार आहेत. हे पहिल्या ओळीतच लिहून टाकतो, नाहीतर पुढचं वाचताना तुझं सगळं लक्ष तिकडेच राहील. काल ताई येऊन गेली आणि तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं, की आता बाबांना हलवायचं नाही. ती रिक्षात बसून गेल्यावर मी फाटकाला कडी लावली, लागली का ते पुन्हा जाऊन पाहिलं आणि पायरीवर बसून राहिलो. गेल्या पावसाळ्यापासून छातीवर पाटा ठेवल्यासारखं वाटत होतं, तो कोणीतरी उचलून नेला. हे सांगावं असं दुसरं कोणी आठवलं नाही. खरं तर तुला आपल्या घरच्या बोलीत लिहायला हवं, पण ती मला फक्त बोलता येते. लिहायला बसलो की शाळेतली भाषाच हाताखाली येते. शाळा अर्धी सुटली, भाषा तेवढी राहिली.

गेल्या पावसाळ्यात बाबांना झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, जीभ जड झाली. आता पाय थोडा आला आहे, भिंतीला धरून पडवीपर्यंत येतात, पण दिवसभर कोणीतरी जवळ लागतंच. त्याच सुमाराला गोखिवऱ्याचा आमचा कारखान्याचा गाळा बंद झाला. तिथे मी बाटल्यांची झाकणं तपासून खोक्यात भरायचो. मालकांनी यंत्रं उचलून गुजरातकडे नेली आणि आम्हाला सांगितलं, यायचं असेल तर या. मी कुठे जाणार? दुसरीकडे काम शोधायचं तर सकाळी निघून संध्याकाळी परतायचं, मग बाबांकडे कोण बघणार? ताई म्हणाली, मी नेते. एव्हरशाईन सिटीत तिचा चौथ्या मजल्यावर फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, शेजारी डॉक्टर आहे. तिचं काहीच चुकत नव्हतं. बाबांनी ऐकून घेतलं आणि जड जिभेने एवढंच म्हणाले, "तिथं माती कुंडीत असते." मग दोन दिवस धड जेवले नाहीत. मी ताईला म्हटलं, मी घरी बसूनच काहीतरी कमवतो, मोबाईलवरून. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी परीक्षेत पहिला येतो म्हणायचो तेव्हा तू बघायचीस.

"तू मोबाईल बघत बसणार आणि आम्ही त्याला काम म्हणायचं, असं का?" ती म्हणाली. पण शेवटी होळीपर्यंतची मुदत दिली. होळीपर्यंत घर चालेल एवढं घरातूनच मिळवून दाखवायचं, नाहीतर बाबा तिच्याकडे आणि मी मिळेल त्या नोकरीला.

तू होतीस तेव्हा घरात एकच बटणांचा फोन होता, तो तू पदराने पुसून फळीवर ठेवायचीस. म्हणून तुला वेबसाइट म्हणजे काय ते सांगायला हवं. आपल्या निर्मळची यात्रा डोळ्यांसमोर आण. ती कधी उठत नाही आणि तिला कुठे टोक नाही, असं समज. एकीकडे शिकवणारे बसले आहेत, इंग्रजी, हिशोब, शिवण, काय हवं ते, बरेचसे फुकट. एकीकडे दुकानं, सुईपासून फ्रिजपर्यंत. एकीकडे नुसता तमाशा, नाचगाणी, कुस्त्या, स्वयंपाक, भांडणं. आणि एका रांगेत माणसं ओरडताहेत, की या, आमच्याकडे काम आहे, घरबसल्या पैसे मिळतील. ही शेवटची रांग सगळ्यात जास्त ओरडते. मी आधी त्याच रांगेत शिरलो. टायपिंगचं काम होतं, माझ्यासारख्याला शोभेलसं. अक्षर न् अक्षर तपासायची मला सवयच. त्यांनी गोड बोलून सगळी माहिती घेतली आणि मग म्हणाले, आधी नोंदणीचे पैसे भरा. बोट बटणावर होतं, आई. आणि मला यात्रेतली तू आठवलीस.

तू आम्हाला घेऊन जायचीस तेव्हा देवळापर्यंत जाताना काही घ्यायचं नाही, कशाला हात लावायचा नाही. दोन्ही हात पाठीमागे बांधून चालायचं, सगळी दुकानं बघायची, दर्शन घ्यायचं आणि येताना काय ते घ्यायचं. मी एकदा पत्र्याच्या बोटीला हात लावला होता, तेव्हा तू माझी मनगटं धरून मागे नेलीस आणि म्हणालीस, "हात मागे. नुसतं बघायला कोणी पैसे घेत नाही." येताना ती बोट मला नकोच होती, पुढे तिच्याहून चांगली दिसली होती. त्या दिवशी मी मोबाईल खाली ठेवला आणि खरोखर हात मागे बांधून पडवीत फेऱ्या मारल्या. बाबा म्हणाले, काय झालं. मी म्हटलं, यात्रेत आहे. त्यानंतर महिनाभर नुसतं बघत हिंडलो. काम देण्याआधी जे पैसे मागतात त्यांच्याकडून उठायचं, एवढं कळलं. आणि हेही कळलं, की मी दुसऱ्याचं काम शोधत होतो. ज्या लोकांचं चाललं होतं, ते आपल्या घरातलं काहीतरी विकत होते. कोणी लोणचं, कोणी गोधड्या.

आपल्या घरात काय आहे, तर राजेळी केळीची झाडं. आणि राजेळी म्हटलं की उन्हात वाळवलेली सुकेळी.

तुझी सुकेळी मला आठवतात ती उन्हासकट. अंगणात बांबूच्या मांडवावर सोललेली केळी ओळीने पसरलेली, तू खालून काठीने कावळे हाकतेस, कोपरापर्यंत हात चिकट, आणि कपाळावरचा केस बाजूला करायला मला बोलावतेस. केस तेवढा मी करायचो. बाकी काही बघितलं नाही, कोणाला वाटलं होतं की बघून ठेवावं. म्हणून शिकलो ते मोबाईलवर. दक्षिणेतल्या एक बाई केळी वाळवून दाखवतात, भाषा कळत नाही, पण हात कळतात. त्यांच्यासारखं केलं तर पहिली खेप चामड्यासारखी झाली. बाबांनी डाव्या हाताने एक उचललं, वाकवून पाहिलं, खाली ठेवलं. मग बऱ्याच वेळाने शब्द जुळवून म्हणाले, "संध्याकाळी झाकायची." तू मावळतीला ती गोळा करून टोपलीत भरायचीस आणि वर सुकी पानं घालून ठेवायचीस, म्हणजे आतल्या आत पाझरून मऊ राहतात, सकाळी पुन्हा उन्हात. हे त्या बाईंना माहीत असायचं कारण नाही, त्यांचा पदार्थ वेगळा. दुसरी खेप बाबांच्या सांगण्यावरून केली. त्यांनी एक खाल्लं आणि म्हणाले, तिच्यासारखी नाहीत. मग दुसरं मागितलं.

माशा बसू नयेत म्हणून बारीक जाळी, तोलायला छोटा काटा, खोकी, हे सगळं मोबाईलवरच मागवलं. दुकानात न जाता वस्तू दारात येते तेव्हा पहिल्यांदा मला चोरी केल्यासारखं वाटलं. बाबांनाही एक यात्रा लावून दिली आहे. मला वाटलं, त्यांना गाणी, भजनं आवडतील. तर ते दुसऱ्यांच्या वाड्या बघतात. कुठला तरी माणूस कुठल्या तरी राज्यात झाडांना पाणी सोडतो आणि आपले बाबा पडवीत बसून त्याला सांगतात, अरे, बांध फुटेल, इकडून घे. जन्मभर पाणी लावलं, आता बघूनही पोट भरत नाही. डॉक्टर म्हणाले, बोलतात ना, बोलू द्या, जिभेला बरं.

मग दुकान उघडलं. एका वेबसाइटवर घरगुती पदार्थ विकणाऱ्यांना जागा देतात. फोटो काढले, वजन लिहिलं, खोक्याची लांबी-रुंदी लिहिली, किती दिवस टिकतं ते लिहिलं, सगळं तीन-तीनदा वाचलं. सुकेळी तुझ्यासारखीच केळीच्या सुक्या पानात गुंडाळून, सुतळीने बांधून, खोक्यात अशी बसवली की हलवलं तरी आवाज नाही. गाळ्यात शिकलेलं तेवढं तरी कामाला आलं. पहिल्या काही मागण्या मुंबईच्याच होत्या, आपल्याकडून तिकडे राहायला गेलेल्यांच्या. त्यांनी छान लिहिलं. मग सोलापूरच्या एका बाईंची मागणी आली, आणि आठवड्याने त्यांचं मत. पाचपैकी एक चांदणी. खाली लिहिलं होतं, चव बरी आहे, पण माल जुना वाटतो, रंग काळपट आहे, आणि वरची साल फार चिवट आहे, मुलांना चावत नाही.

मला आधी कळेचना कसली साल. सुकेळ्याला साल असते कुठे? मग कळलं. त्यांनी पान खाल्लं होतं. मी इतकं सगळं लिहिलं, पण पान काढून खायचं असतं, हे लिहिलं नव्हतं. कोणी लिहिलं असतं? आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ते सांगावं लागत नाही. आणि रंग काळपट असणं म्हणजेच ते नीट झालं असणं, हेही लिहिलं नव्हतं. मी लगेच शोधायला बसलो, की सुकं केळीचं पान पोटात गेलं तर काय होतं. काही होत नाही असं चार ठिकाणी वाचलं, पाचव्या ठिकाणी गुरांच्या पोटाबद्दल होतं, तेही वाचलं. ती एक चांदणी सगळ्यांना दिसत होती. होळी तोंडावर होती, आणि त्या दिवसापासून नवी मागणी थांबली. मी बाबांना सांगणार नव्हतो, पण तोंडावरून त्यांनी ओळखलं, म्हणून सांगितलं. ते माझ्याकडे बघत राहिले, आणि मग त्यांचा खांदा हलायला लागला. झटक्यानंतर पहिल्यांदा हसले, आई. अर्धंच तोंड हसतं, पण हसले. "खाऊ दे," म्हणाले, "गाईला चालतं."

त्या बाईंना मी उत्तर लिहिलं. चार वेळा खोडून लिहिलं. चूक माझी आहे, वरचं पान बांधणीचं असतं, सोडून टाकायचं, तुम्हाला त्रास झाला असल्यास माफ करा, दुसरं खोकं पाठवतो. मग दिवसभर मोबाईल पालथा ठेवला. संध्याकाळी सुकेळी झाकून आलो तेव्हा त्यांचं उत्तर आलेलं होतं. अहो, मग ते सांगायचं नाही का, आम्ही चौघांनी पानासकट खाल्लं, सासूबाई तर म्हणाल्या, कोकणातली माणसं काटक का असतात ते आज कळलं. आम्ही त्या खालच्या कोकणातले नाही हे मी त्यांना सांगितलं नाही. फुकटचं खोकं त्यांनी घेतलं नाही, विकत मागवलं, तीन मागवली, आणि त्या एका चांदणीच्या जागी पाच करून खाली सगळी हकीकत स्वतःच लिहिली. ती वाचून लोक हसले असतील, पण मागण्या त्यानंतरच खऱ्या सुरू झाल्या. बरेच जण लिहितात, पान काढून खाऊ, काळजी नसावी.

तेव्हा मला आठवलं, की पाहुणे आले की तू सुकेळ्याची सुतळी सोडायचीस, पान निम्म्यापर्यंत उलगडायचीस आणि मग हातात द्यायचीस. मी एकदा विचारलं होतं, त्यांना हात नाहीत का. तू म्हणालीस, बांधलेलं देणं म्हणजे दिल्यासारखं नाही. मला तेव्हा तो नुसता आदर वाटला होता. आता पहिला फोटो बदलला आहे. त्यात पान उलगडलेलं सुकेळं आहे आणि ते धरलेला हात बाबांचा आहे, डावा. फोटो काढताना ते इतका वेळ हात स्थिर धरून बसले, की मीच म्हटलं, पुरे.

ताई काल आली ती बॅग घेऊनच आली होती, होळी झाली होती ना. पडवीत खोकी रचलेली, कुरियरवाला पोरगा बाबांशी गप्पा मारतोय, आणि बाबा त्याला सुतळीची गाठ एका हाताने कशी आवळायची ते दाखवताहेत. तिने बॅग खाली ठेवली. मग मोबाईल मागितला, सगळ्या मागण्या वर-खाली करून पाहिल्या, नोकरीत वरचा माणूस बघतो तशा. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. शेवटी म्हणाली, "राहू देत त्यांना इथे. आणि मला दोन खोकी दे, ऑफिसात वाटते. पान काढायचं ते मी सांगेन." रिकामी बॅग इथेच ठेवून गेली, म्हणाली, ठेव, मालाला उपयोगी पडेल. पावसाळ्यात ऊन नसेल तेव्हा काय करायचं, हा घोर मला लागलेला आहेच, वेफर्स करता येतील का ते बघतो आहे. पण तो पुढचा घोर आहे आणि तो घरात बसून करता येतो.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, हे मला माहीत आहे. तरी एक सांगायचं राहिलं. दुकान उघडताना बनवणाऱ्याचं नाव विचारलं होतं. माझं लिहायला हात धजेना, मी तुझं लिहिलं. त्यामुळे सगळे मला काकू म्हणतात. त्या सोलापूरच्या बाईंनी परवा विचारलं, काकू, या उन्हात एवढं काम करता, तुमची तब्येत बरी असते ना? मी आधी सुकेळी झाकून आलो. मग लिहिलं, हो, बरी आहे, घरातले सगळे मदत करतात.