कायामांची धुरकट काच

शिझुओका
१४ जुलै

आदरणीय नेझू-सान,
सविनय नमस्कार.

इकडे उकाड्याने जीव नकोसा केला आहे. आओमोरीत तुम्ही अजून पहाटे पांघरूण ओढून घेत असाल, म्हणजे मजा आहे. गुडघा कसा आहे? सूनबाईंच्या हातचं मानवतंय ना? चहाची दुसरी तोडणी झाली. शेजारच्यांनी पुडा दिला, त्यातला अर्धा सोबत पाठवते आहे. पाणी उकळतं ओतू नका, जरा निवू द्या. तुमच्यामुळे आजवर बराच चांगला चहा वाया गेला आहे.

माझं ठीक आहे. शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाले तरी अजून पातेलंभर भात लावते आणि मग दोन दिवस तोच खात बसते.

मे महिन्यातलं आपलं छोट्या प्लास्टिकच्या गाड्यांचं प्रदर्शन झालं. आपल्या मंडळाचं टेबल यंदाही होतं, खिडकीजवळचं, नेहमीचंच. तुमच्या कपाळाला आठी पडली असेल. चौघांच्या गाड्या असल्याशिवाय टेबल देत नाहीत, मग ही बाई एकटी कशी बसली? ताशिरोंनी सेंदाईला गेल्यावर गोंदाच्या बाटलीला हात लावलेला नाही. कायामा-सानना जाऊन दीड वर्ष होत आलं. तुम्ही तर अंत्यविधीच्या जेवणातच म्हणालात, "आता बंद करू या हे," आणि मी चारचौघांत तुम्हाला घाबरट म्हणाले. त्यानंतर तुमचं पत्र नाही.

तर ऐका. चारही गाड्या मी केल्या. नावाच्या पाट्या तुमच्या, हात माझा.

नुसत्या केल्या नाहीत, ज्याच्या त्याच्या पद्धतीने केल्या. ताशिरोंची चाकं नेहमी टपापेक्षा मोठी असायची, तशीच बसवली. तुमच्या गाडीवर रंगाचा जाड थर दिला, कडेचा ओघळसुद्धा सोडला. दोघेतिघे म्हणाले, "नेझू-सान काही सुधारत नाहीत." मला इतकं बरं वाटलं! गिड्डी, फुगीर, बटबटीत डोळ्यांची आपली खेळणी ती. तेवढ्यापुरतं सगळे टेबलाशी आहेत असं वाटलं. यात कोणाचं काय बिघडतंय, असं मी स्वतःला समजावत होते.

कायामा-सानसाठी तो तीनचाकी टेम्पो घेतला. त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यात तो बाजारात आला आणि त्यांनी सुट्या भागांच्या खोक्यावरचा फोटो पाहून लहान मुलासारखा हट्ट धरला होता, आठवतं? त्यांच्या वडिलांच्या धोबीदुकानाचा तसाच टेम्पो होता म्हणून. पण तोवर हातांतलं बळ गेलं होतं. मी निळा रंग दिला, दारावर दुकानाचं नाव घातलं आणि शेवटी काच.

झटपट गोंद काचेजवळ नेला की त्याची वाफ धरते आणि काच पांढरी पडते, हे नवशिक्यालाही कळतं. कायामा-सानना दुसरा गोंद वाळेपर्यंत थांबवायचंच नाही. दर वर्षी तुम्ही विचारायचात, "आत कोण आंघोळ करतंय हो?" आणि ते दर वर्षी तितकंच हसायचे. त्यांची काच सगळीकडून पांढरी होत नसे. खालच्या डाव्या कोपऱ्यात जास्त, मग वर विरत जाणारी. बाटली ते डाव्या हाताने धरायचे म्हणून. मला ती जमेपर्यंत बऱ्याच काचा फुकट गेल्या.

प्रदर्शनात त्यांची मुलगी आली. चिहारू, नागोयाला असते ती. पाटी वाचून उभीच राहिली. मग वाकून काच बघितली आणि तिथेच रडायला लागली.

"बाबांचीच आहे ही. पण हे खोकं आलं तेव्हा तर ते... कधी केलं त्यांनी हे?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मागे माणसं खोळंबली होती, पोरगी हुंदके देत होती. मी म्हणाले, "शेवटी शेवटी." तिने गाडी मागितली. मी कापसात गुंडाळून दिली. घरी नेऊन आईला देणार, बाबांच्या फोटोपुढे ठेवणार, असं म्हणून वाकून वाकून आभार मानत गेली.

पुढच्याच आठवड्यात तिचा फोन. आईने गाडी पाहिली, बराच वेळ हातात धरली आणि फोटो उचलून कपाटात ठेवून दिला.

इसोको-सान काय म्हणाल्या, ते चिहारूने मला जसंच्या तसं सांगितलं. "मी त्यांना चमच्याने भरवत होते. पाण्याचा पेला धरवत नाही म्हणायचे. मला उठवायचे, पाठ टेकवून दे म्हणायचे. आणि या गाडीसाठी मात्र हात होते? मग माझ्यापुढे कशाला पांगळेपणाचं नाटक केलं?" आता त्या म्हणतात, मी गेल्यावर माझ्या अस्थी त्यांच्याशेजारी ठेवू नका, माझ्या माहेरच्या थडग्यात ठेवा. देवळात जाऊन तसं पुजाऱ्यांना सांगूनही आल्या.

नेझू-सान, मी लगेच गेले. सगळं खरं सांगितलं. जमिनीला डोकं टेकून माफी मागितली. इसोको-साननी चहा दिला, मोसंबीची फोड पुढे केली आणि शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही भल्या आहात, फुसाए-सान. पण माझं मन राखायला खोटं बोलू नका. ती काच मी ओळखते. इतकी वर्षं माझ्या जेवणाच्या टेबलावर तो घाणेरडा वास सोसला मी. असली काच दुसरं कोणी बिघडवू शकत नाही."

मी पुन्हा गेले, या वेळी गोंद आणि रिकामी काच घेऊन. त्यांच्यासमोर बसून, डाव्या हाताने बाटली धरून, तशीच काच करून दाखवली. म्हटलं, आता तरी पटेल. चिहारू बघतच राहिली. "आई, अगदी तशीच आहे गं!"

इसोको-सान काचेकडे बघत नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या.

"इतकं हुबेहूब जमायला," त्या म्हणाल्या, "माणसाच्या हातांकडे किती बघावं लागत असेल."

मी गोंदाचं झाकण लावत बसले. ते नीट लागेना.

तुम्हाला हे कळलं होतं, हो ना? म्हणून म्हणालात, बंद करू या. मीच तुम्हाला घाबरट म्हणाले. तुमची गाडी मी एका दिवसात उरकली, त्यांच्या गाडीला सबंध हिवाळा घेतला. कायामा-सान मला आवडत होते. त्यांना मी कधी बोलले नाही, त्यांनी कधी विचारलं नाही. टेबलाच्या पलीकडे बसून मी फक्त बघत होते. दवाखान्यातही गेले नाही, कारण तिथे त्या होत्या आणि तिथे असण्याचा हक्क त्यांचाच होता.

हे पत्र मी तुम्हाला बोलवायला म्हणून लिहायला घेतलं. तुम्ही दवाखान्यात जात होतात, ते हात तुम्ही पाहिलेत, तुमचं त्या ऐकतील असं वाटलं होतं. पण काल चिहारूचा पुन्हा फोन आला. आई म्हणते, गाडी बाबांनी आमच्या घरी केलीच नव्हती, फुसाए-सानच्या घरी जाऊन केली. आता तुम्ही येऊन सांगितलंत की त्यांना बोटही हलवता येत नव्हतं, तर त्या म्हणतील, मंडळातले सगळे तिला सांभाळून घेताहेत. कायामा-साननी आयुष्यात माझ्या दाराची घंटासुद्धा वाजवली नाही. सगळा अपराध माझा आणि शिक्षा त्यांना, तीही मेल्यावर. थडग्यात एकटे राहतील ते, आणि मी जे काही बोलेन त्याने त्यांचं आणखीच वाईट होईल.

म्हणून येऊ नका. मीही आता त्या घरी जाणार नाही.

तब्येतीला जपा. थंडी पडली की गुडघ्याला लोकरी पट्टा बांधा, आळस करू नका.

जिने नुसतं बघत राहायला हवं होतं, ती
मोचिझुकी फुसाए