हाताखालून गेलेल्या स्लीपर

३ फेब्रुवारी
लागली एकदाची नोकरी! उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात अर्धं आयुष्य रंधा मारला, आता अंबरनाथ एमआयडीसीत रेल्वेच्या स्लीपर तपासायच्या. रुळांखाली आडव्या घालतात त्या. दिसायला लाकूड, पण लाकूड नव्हेच. काचेचे धागे रसायनात भिजवतात, ते साच्यात फुगतं आणि घट्ट होतं. करवत चालते, भोक पडतं, वाळवी मात्र तोंड लावत नाही. सुतारांच्या पोटावर पाय, आणि त्याचा पगार मीच घेणार! आमचे सुपरवायझर शिवरामकाका भारी गमतीशीर. चहात माशी पडली, तर उकळत्या चहात बोट घालून काढली आणि निवांत प्यायले.
पालेगावची खोली हवेशीर आहे. बायको, सुनेत्रा, आमच्या तान्ह्या चिमीला घेऊन माहेरून आली की चिमीची आंघोळ माझ्याकडे. पाण्याचा अंदाज माझ्या हाताइतका कुणाला नाही, हे तिनेच कबूल केलंय.

१० फेब्रुवारी
हातमोजे घालून लाकूड कळतं का कधी? काढून ठेवले आणि साच्यातून निघालेल्या गरम स्लीपरवर तळवा फिरवला, बाजारात सागावर फिरवायचो तसा. कुणी ओरडेल वाटलं होतं. शिवरामकाका उलट खूश. म्हणाले, असाच माणूस पायजे होता, बाकीचे मोजे काढत नाहीत आणि त्यांचा माल टेस्टिंगला तडकतो.

२१ फेब्रुवारी
माझा सगळा माल पास. वांगणीपलीकडच्या पुलावर बसवलासुद्धा. कंपनीने पेढे वाटले. बोटं जरा बधिर आहेत. पेढा हातात आहे हे बघून कळलं.

२ मार्च
सुनेत्रा आली. चिमीला दिवसभर कडेवर घेऊन फिरलो. तिचे गाल मऊ असणार. मला कळत नाहीत. वाईट वाटायला हवं, तेही नीट वाटत नाही.

४ मार्च
शिवरामकाकांना हात दाखवला. म्हणाले, लाकडात झाडाचा जीव असतो, ह्याच्यात कुठनं येणार? आपल्याकडनंच ना. टेन्शन नको घेऊ, सवय होते.

५ मार्च
जेवताना तळव्यातून काहीतरी जड गेलं. डब्यामागून डबा. माझ्या स्लीपर बसवलेल्या पुलावरून मालगाडी. पालेगावात त्या पुलाचा आवाज येत नाही.
घास गरम होता की गार, माहीत नाही. फक्त गाडी कळते.

८ मार्च
चिमीच्या आंघोळीचं पाणी मीच बघितलं. हात घातला – ठीक वाटलं. म्हणजे काहीच वाटलं नाही. तिला टबात ठेवलं. सुनेत्राचा हात पाण्याला लागला आणि ती किंचाळली. चिमीला ओढून बाहेर काढलं. पाय लालबुंद –
चिमी रडली नाही. हसत होती.

९ मार्च
डॉक्टरांनी मलम दिलं. आंघोळ आता सुनेत्राच घालते. मी चिमीला हात लावायचं सोडलंय. उशिराच सुचलं.
सकाळी तळव्यातून गाडी गेली, आणि तिकडे पाळण्यात चिमी दचकली. त्याच वेळी. मूठ आवळली, सोडली – डबा, डबा –
आत्ता पुन्हा तिची मूठ. माझ्या हातात अजून काही नाही, पण ती आधीच –