एर्नो नावाचे दोघे

बुडापेस्ट, १८ ऑगस्ट १९९८

ती. शारीवन्संना लिव्हियाचा शि. सा. न. वि. वि.

आमचं बरं आहे. तुमच्या भावाचा रक्तदाब चढलेला असतो आणि पारा त्याहून वर, पण पंचेचाळीस वर्षांत त्याची सवय झाली.

एक गुपित सांगते. तीस तारखेला सिनेगॉगच्या अंगणात आपल्या ज्यू लोकांचा महोत्सव आहे. पत्रकात ऑस्ट्रियातल्या ग्राट्सच्या एका वाद्यवृंदाची नावं छापलीत, त्यात व्हायोलिनपुढे आपली नोएमी. सहा वर्षांनी लेकीचं नाव पाहिलं आणि हातातलं भांडं सुटलं. तुम्हाला आठवत असेलच, तिनं ख्रिश्चनाशी लग्न केलं तेव्हा यांनी कोट फाडून जिवंत लेकीचा सात दिवस शोक पाळला, बुटक्या स्टुलावर बसून मेलेल्यांची प्रार्थना म्हटली. मी आई असून त्यांना मुकाट्यानं चहा देत राहिले, त्याची अजून लाज वाटते. तेव्हापासून तिचं एक पत्र नाही.

पण वन्सं, हे आता निवळलेत. परवा तिचा शाळेतला फोटो पुसत बसले होते. मी दिसले तर म्हणाले, चष्मा पुसतोय. डॉक्टर म्हणतात, त्यांचं हृदय फार दिवस साथ देणार नाही. म्हणून काही न सांगता त्यांना तिकडे नेणार आहे. जाण्याआधी बापलेकीनं एकमेकांचं तोंड पाहावं, एवढंच मला हवंय.

आहे तो लोभ तसाच राहू द्यावा.

तुमची लिव्हिया


सेगेद, २२ ऑगस्ट

चि. सौ. लिव्हियाला शारीचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून कपाळाला हात लावला. म्हातारी झालीस तरी तुला पोच म्हणून आला नाही. एवढ्या उन्हात, गर्दीत एर्नोला नेणार? आणि कशासाठी, तर जिचा शोक पाळून झाला तिच्यासाठी?

लढाईनंतर नाझींच्या छावणीतून आम्ही दोघंच परत आलो. तो सतरा वर्षांचा, मी वीसची. त्याला चमच्यानं भरवून मी माणसात आणलंय. घराण्यात ही एकच पोर, तीही परक्यांत जाऊन बसली. तू आई आहेस, विसरशील. मला नाही जमत.

त्यापेक्षा दोघं इकडे या. माशाचं सूप करते, तुला कधी जमलं नाही तसं. पण महोत्सवाला जाऊ नकोस, आणि नोएमीशी तर मुळीच बोलू नकोस. मी मोठी आहे, माझं ऐक.

माया आहे म्हणून लिहिते, ती ओळखून असावं.

शारी


बुडापेस्ट, ३१ ऑगस्ट

ती. वन्संना शि. सा. न.

तुमचं ऐकायला हवं होतं. दिवस इतका छान सुरू झाला होता, तेच जास्त लागतंय. यांनी कपाटातून लग्नातला टाय काढला आणि ट्रामभर मला चिडवत राहिले की म्हातारी आज भलतीच नटलीय. अंगणात आम्ही एका बशीत थराथरांची फ्लोदनी मिठाई खाल्ली. सफरचंदाचा थर पातळ आहे म्हणून यांनी विकणारीला चार शब्द सुनावले. मग व्हायोलिन सुरू झालं. यांनी चारचौघांत माझा हात धरला, जन्मात पहिल्यांदा. म्हणाले, करंगळी अजून तशीच वर ठेवते, संपल्यावर तिला जेवायला बोलाव. वन्सं, मला रडूच आलं.

शेजारी मुलं कागदी पानांवर आपलं नाव आणि ते कोणावरून ठेवलं हे लिहून दोरीला टांगत होती. पाचेक वर्षांचा एक पोरगा, नाक अगदी तुमच्या घराण्याचं. यांनी वाकून नाव विचारलं. तो म्हणाला एर्नो, आईच्या बाबांचं नाव, ते मेले. आणि मंचाकडे बोट केलं, ती माझी आई.

जिवंत माणसाचं नाव आपल्यात कोणी पोराला ठेवतं का? हे ताठ उभे राहिले. म्हणाले, मी तिच्यासाठी सात दिवस बसलो, तिनं उट्टं काढलं. आणि चालायला लागले. मागे व्हायोलिन मध्येच थांबलं, बाबा म्हणून हाक आली. मी यांची बाही ओढली, तर म्हणाले मेलेली माणसं मागे वळून बघत नाहीत. कालपासून भिंतीकडे तोंड करून पडलेत. असली पोर माझ्या पोटी आली. आता तुमच्याशिवाय मी कोणाला सांगू? दोन शब्द लिहा.

तुमच्या मायेची भुकेली,
लिव्हिया


बुडापेस्ट, १ सप्टेंबर

ती. आईस नोएमीचा सा. न.

आत्ता दाराशी आले होते. तू बाजारात गेली असशील. बाबांनी दार न उघडता आतून सांगितलं की मेलेल्याच्या घरी भेटीला येऊ नये. म्हणून हे दाराखालून सरकवते.

सोबत शारीआत्याचं सहा वर्षांपूर्वीचं पत्र आहे. बाबा सातव्या दिवशी स्टुलावरच गेले, तू तिच्याकडे सेगेदला राहायला आलीस, आणि माझं तोंड पाहायची तुझी इच्छा नाही, असं तिनं लिहिलं. मी दर वर्षी तुला सेगेदला पत्र टाकलं. एकाचंही उत्तर नाही. मुलगा झाला तेव्हा बाबांचं नाव ठेवलं, घरात निदान त्यांना रोज हाक मारता यावी म्हणून. परवा सकाळी आम्ही दफनभूमीत त्यांचं थडगं शोधत होतो. छोट्यानं आपल्या रिवाजाप्रमाणे त्यावर ठेवायला आमच्या नदीतला खडा आणलाय. कुठे ठेवायचा, असं मला विचारत असतो.

हे बाबांना वाचून दाखव. शनिवारपर्यंत मी इथेच आहे, मागे हॉटेलचा पत्ता दिलाय. मला टाकू नये.

तुझी नोएमी


बुडापेस्ट, ८ सप्टेंबर

शारीवन्सं,

नोएमीचं पत्र यांनीच उचललं. अक्षर ओळखलं, आणि न फोडता प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवून दिलं. गुरुवारी पहाटे गेले. प्रार्थनेसाठी पुस्तक उघडलं तेव्हा पत्र माझ्या हाती आलं. मी ते यांच्या उशाशी बसून मोठ्यानं वाचलं, तुमचंही वाचलं. ऐकायला ते उरले नव्हते.

शुक्रवारी पुरलं. तुम्हाला तार केली नाही. तुम्ही सहा वर्षांपूर्वीच त्यांना पुरून मोकळ्या झाला होतात, दुसऱ्यांदा कशाला बोलवायचं? छोट्या एर्नोनं खडा ठेवला. आता त्याच्या नावात काही चुकीचं राहिलेलं नाही.

नोएमी बाजूला बसलीय. आज शोकाचा पाचवा दिवस. मी ब्लाउज दोन ठिकाणी फाडलंय, एक यांच्यासाठी आणि एक तुमच्यासाठी. अजून दोन दिवस आम्ही तुम्हा दोघांसाठी बसू. मग या घरात तुमचं नाव निघणार नाही.

लोभ नसावा.

लिव्हिया