बावीस घरांचे पाणी आणि माझ्यामागची व्यवस्था

हा कागद लिहायला उशीर झाला, त्याबद्दल आधी सर्वांची माफी मागतो. दहा वर्षांपूर्वी एकदा बसलो होतो. पहिल्याच ओळीत "माझ्या पश्चात" असे लिहिले आणि वही मिटली. आता येत्या शुक्रवारी हर्नियाच्या ऑपरेशनसाठी दाखल व्हायचे आहे. डॉक्टर म्हणाला, "काही नाही काका, चौथ्या दिवशी घरी." डॉक्टर काही नाही म्हणाला की मला घाम फुटतो.

मी, वय शहात्तर, शिक्षण नववी (पुरी नाही), बस डेपोच्या कार्यालयातून सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून निवृत्त, राहणार पंपघराला लागून असलेल्या घरात, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी धमकावलेले नाही की भुलवलेले नाही. तेवढी सवड आमच्या गल्लीत कोणाला नाही. वकिलाने दिलेला नमुना समोर आहे, पण त्यात माणसाला जे सांगायचे असते त्याला जागाच ठेवलेली नाही. म्हणून माझ्या पद्धतीने लिहितो.

कलम १. राहते घर, त्यातले सामान आणि बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या एका मुलीला. घरात तिला आम्ही छकुली म्हणतो. ती परगावी सव्वीस इंजिनिअरांची साहेब आहे. न्हाणीघराची कडी आतून अडकते. ती वर उचलून डावीकडे ढकलावी. तीन सुतार येऊन गेले, चौथा बोलावू नये.

कलम २. माझ्याकडे अकरा कीबोर्ड आहेत. त्यांतला पिवळा पडलेला डेपोला परत द्यावा, कारण तो मी निवृत्तीच्या दिवशी न विचारता पिशवीत घालून आणला होता. त्याच्यावर मी सातशे ड्रायव्हर-कंडक्टरांची हजेरी बसवली. जाड इंग्रजी पुस्तक आणि शब्दकोश शेजारी ठेवून एकेक पान फोडत शिकलो. पुढे पदवीवाली मुले आली. पहिल्या सकाळी त्यांतला एक मला म्हणाला, "काका, जरा चहा सांगता का?" दुपारी त्यांना कळले की ज्या प्रोग्रॅमसमोर ते डोके धरून बसले होते तो काकांनी लिहिला आहे. मग चहा त्यांनीच सांगितला. उरलेले दहा कीबोर्ड ज्याला हवे त्याने न्यावेत. कोणाला नको असतील, तर मला आता ते ऐकायचे नाही.

कलम ३. हे कलम कोपऱ्यावरच्या शिंप्याला वाचून दाखवू नये. मी लिहिलेला बुद्धिबळाचा प्रोग्रॅम आणि तो ज्यावर चालतो तो जुना कॉम्प्युटर शिंप्याला द्यावा. रोज चार वाजता तो माझ्याकडे येऊन खेळतो आणि जिंकतो. "तुमच्या मशीनला अक्कल कमी आहे," असे म्हणून चष्मा पुसतो. प्रोग्रॅममध्ये चूक आहे. डाव लांबला की तो आपला वजीर उघडा टाकतो. ही चूक मला पहिल्या महिन्यातच सापडली होती. पण त्याच सुमारास शिंप्याची बायको गेली. नऊ वर्षे मी चूक तशीच ठेवली आहे. कोणीही हुशारी करून ती दुरुस्त करू नये.

कलम ४. माझी ॲल्युमिनियमची शिडी सहा वर्षांपासून गल्लीच्या कमिटीच्या अध्यक्षांकडे आहे. ती मी त्यांना दिली असे समजावे, म्हणजे रोज आठवण होण्याची कटकट संपेल. पंपघराच्या भिंतीवर त्यांनी लावलेली "अध्यक्षांच्या अथक प्रयत्नांतून" ही पाटी मात्र काढावी. मी तेव्हा विचारले, "साहेब, तुमचे प्रयत्न नेमके कोणते?" ते म्हणाले, "अहो, मी परवानगी नाही का दिली?" पाटी काढायला शिडी लागेल. ती त्यांच्याकडेच मागावी.

कलम ५. आता ज्यासाठी हा कागद लिहिला ते.

आमची गल्ली उताराची. पूर्वी टाकीचा नळ सोडला की खालच्या घरांचे पिंप भरून वाहायचे आणि वरच्या घरांत नळ नुसता फुसफुसायचा. एकदा बादलीने एकाचे डोके फुटले. निवृत्तीनंतर मी दोन वर्षे खपून बावीस घरांसाठी बावीस व्हॉल्व्ह आणि त्यांचा प्रोग्रॅम बसवला. पाळी ठरलेली, वेळ मोजलेली, टाकी कमी भरली तर सगळ्यांना सारखे कमी. मग मी तापाने तीन आठवडे अंथरुणावर असताना एक व्हॉल्व्ह अडकला आणि कंपाउंडरच्या घराची मागची भिंत भिजून बसली. कोणी पंपघरात डोकावले नव्हते. सगळे म्हणाले, आम्हाला वाटले तुम्ही बघताय.

म्हणून मी रविवारचे बटण घातले. दर रविवारी कोणीतरी पंपघरात जाऊन, सगळे तपासून, ते दाबायचे. दाबले नाही, तर सोमवारी पहाटे सगळे व्हॉल्व्ह बंद. दुसऱ्या वारी दाबलेले चालत नाही, नाहीतर लोक आठ दिवसांचे एकदम दाबून मोकळे होतील. कोणीतरी म्हणजे अर्थात मीच. बारा वर्षांत एकही रविवार चुकवलेला नाही. लग्नेसुद्धा शनिवारची तेवढी गाठली.

या रविवारी मी दवाखान्यात असणार. तारीख बदलून मागितली, तर डॉक्टर म्हणाला, "काका, मोटर महत्त्वाची की तुम्ही?" मी म्हटले, बावीस घरांना विचारून सांगतो.

गेल्या महिन्यात प्लंबरला बटण शिकवायला घेतले. त्याने प्रोग्रॅमने मागितलेला टाकीचा आकडा इंचांत घातला, फुटांत नाही. प्रोग्रॅम घाबरून बंद पडला, गल्ली संध्याकाळपर्यंत कोरडी. मग बटणच काढून टाकायला बसलो. ते काढले, तर दुसऱ्या दिवशी खालच्या नऊ घरांना दुप्पट आणि वरच्यांना थेंब नाही. का, ते मला कळले नाही. माझा स्वतःचा प्रोग्रॅम, आणि मला कळले नाही. मुकाट्याने बटण परत घातले. व्हॉल्व्ह हाताने उघडता येतात, पण मग आधी कोणाचा, यावरून पुन्हा बादल्या उचलल्या जातील.

कलम ६. छकुली, हे तुला.

चार वर्षांपूर्वी तू आलीस, खुर्ची ओढून हा प्रोग्रॅम वाचलास आणि म्हणालीस, "बाबा, यात एकाही गोष्टीला धड नाव नाही. क१, क२, क३. हे कोणाला कळणार?"

मी म्हटले, "मला कळते."

"आणि तुम्ही नसाल तेव्हा?"

मी म्हटले, "म्हणजे माझ्या मरणाची वाट बघतेस?" दुसऱ्या दिवशीचे तिकीट असताना तू त्याच दुपारच्या गाडीने गेलीस. तेव्हापासून फोनवर तू विचारतेस, गोळ्या घेतल्या? मी म्हणतो, घेतल्या.

तू बरोबर होतीस. हे मृत्युपत्रात लिहितो, म्हणजे दोन साक्षीदारांसमोर झाले, आता मला फिरवता येणार नाही. तीन आठवडे बसून प्रत्येक नावासमोर त्याचा अर्थ निळ्या वहीत लिहिला आहे. एकूण तीनशे चाळीस नावे, त्यांतल्या एकोणपन्नासांचा अर्थ मला आठवत नाही. प्रोग्रॅम तुला देतो. सगळा फेकून नवा लिहायचा असेल तर लिही. मी बरा होऊन घरी आलो, तरी शेजारी बसून नाक खुपसणार नाही. खुपसले तर हे कलम दाखव.

साक्षीदार: १. प्लंबर (सही). २. समोरच्या निवृत्त शिक्षिका (सही). त्यांनी शुद्धलेखनही तपासले. बाई म्हणाल्या, "साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो," आणि सगळा वाचला. प्लंबरचे म्हणणे, इंचांचा उल्लेख काढा. काढला नाही.

लिहून देणार: (सही)
ठिकाण: राहते घर, पुढची खोली. तारीख ४, सोमवार.

वकील हा कागद पाकिटात घालून, लाख लावून कपाटात ठेवणार होता. शिक्षिकाबाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही गेल्यावर पाकीट उघडेपर्यंत गल्लीचे पाणी जाईल. आणि मुलीला हे तुम्ही असताना कळायला नको का?" म्हणून प्रत तुला आजच पाठवतो. शनिवारी येतेस की नाही, एवढे कळव. नाही असेल तर तसे कळव, सोमवारपासून पाणी बंद असे मी अध्यक्षांना जाऊन सांगतो. येणार असशील, तर मी गादी उन्हात टाकतो. शुक्रवारी सकाळी आठला फोन काढून घेतात म्हणे. त्याच्या आत कळव.