बो-टायची गाठ

७ जून
निघालो एकदाचे! साउथॅम्प्टनचा धक्का मागे पडताना क्लेमला म्हटलं, चल डेकवर. तर म्हणे वारा आहे. असणारच — समुद्र आहे! अर्धांगाचा झटका आल्यापासून याचं काहीतरी निघतंच. कधी वारा, कधी गर्दी. उजवा हात लुळा पडलाय, बोलताना जीभ थोडी अडखळते, एवढंच. बाकी माणूस ठणठणीत. पण लोकांच्या नजरेला पडायला नको म्हणून वर्षभर घराबाहेर पाऊल टाकलेलं नाही. आमची लेक, फिलिपा, हात धुऊन मागे लागली म्हणून तर निघालो. या बोटीच्या सफरीत त्याला चार माणसांत बसवायचंच. ठरवलंय मी.

८ जून
आज पहिली फॉर्मल संध्याकाळ. पुरुषांना काळं डिनर जॅकेट आणि बो-टाय, बायकांना लांब झगा. नसेल तर खालच्या मोठ्या हॉलमध्ये जेवायचं नाही, नाचायचं नाही. वरच्या बुफेत जायचं.

गाडं बोवर अडणार हे मला ठाऊक होतं. म्हणून तयार गाठीचा, मागे इलॅस्टिक असलेला एक गुपचूप आणला होता. बाहेर काढला मात्र — जसा काही मी मेलेला उंदीरच समोर धरला! जन्मभर स्वतःच्या हातानं गाठ मारली, आता शाळेतल्या पोरासारखं इलॅस्टिक लावून बसू का, म्हणाला. बरं, मी बांधते म्हटलं. तेही नको. मग बस तसाच!

शेवटी वर बुफेत. आजूबाजूला सगळे हाफ पँटवाले, आणि मी निळा रेशमी झगा घालून त्याच्या माशाचे काटे काढतेय. खालून बँड ऐकू येत होता. आम्ही दोघं किती नाचायचो! कॉफी आणायला उठले तेव्हा रडू आलं. तिथेच डोळे पुसले आणि परत आले.

९ जून
अबोला. नॉर्वेचं बर्गन बंदर छान आहे. एकटीनं बघितलं.

१० जून
शेजारच्या केबिनमध्ये लायनेल ॲक्रॉइड आहेत. बार्न्सलीला त्यांचं मटणाचं दुकान होतं. आवाज असा की शिंकले तरी भिंतीपलीकडे कळतं. आज कॉरिडॉरमध्ये मला गाठून विचारलं, "तुमचे साहेब कधी दिसत नाहीत ते?" झोपलेत, म्हटलं मी. केबिनमध्ये आले तर क्लेम दाराशीच उभा. सगळं ऐकलं होतं. त्या माणसाचा आवाज आला की हा दार लावून घेतो.

तुझ्यासाठी खोटं बोलून बोलून मला वीट आलाय — सांगून टाकलं तोंडावर. जरा जास्तच बोलले का मी? बोलले तर बोलले.

१२ जून
आज गंमत! तो अंघोळीला गेला तशी मी त्याचा खरा बो काढला आणि पलंगावर पाय वर घेऊन स्वतःच्या मांडीला बांधून बघत बसले. तिथे म्हणे गळ्याचा अंदाज येतो. कसला अंदाज! एक कान वर, एक खाली. तेवढ्यात हा टॉवेल गुंडाळून दारात. बघतच राहिला. आणि हसला! खदाखदा. वर्षभरात असा हसला नव्हता. मग शेजारी बसून सांगायला लागला — डावं टोक लांब ठेव, आता खालून घे, अगं ओढू नकोस! शब्द अडखळत होते, पण थांबला नाही. चौथ्या की पाचव्या खेपेला जमलं.

उद्या शेवटची फॉर्मल संध्याकाळ. बांधू ना, विचारलं. "बघू," म्हणाला. नाही म्हणाला नाही!

१३ जून
समुद्र खवळलाय. सकाळपासून मी आडवी. पाणीसुद्धा पोटात ठरत नाही. मान उचलली की केबिन फिरते, गाठ कुठली मारतेय! नेमकं आजच. मला माफ कर म्हटलं त्याला. तो खुर्चीत बसून होता, बो हातात. मग उठला आणि तसाच बाहेर गेला.

१३ जून, संध्याकाळी
भिंतीपलीकडून ऐकलं. आधी ॲक्रॉइडांच्या दारावर टकटक. मग क्लेमचा आवाज, अडखळत, पण अगदी स्वच्छ: "जरा एवढं बांधून देता का? मला एका हातानं जमत नाही."

दोघं कधीचेच खाली जेवायला गेले. मला सांगायलाही आला नाही मेला! पोटात ढवळतंय आणि मी एकटीच हसत पडलेय.